शब्दांचा धनी

नरकचतुर्दशीची पहाट होती. उटण्याचा वास घरभर दरवळत होता आणि तबकडीवर एक जुने चित्रपटगीत लागले होते. नातीने विचारले, "आजोबा, हे कोणी म्हटलंय?" मी झटकन गायिकेचे नाव सांगितले. "आणि लिहिलंय कोणी?" मी गप्प! चाळीस वर्षे गुणगुणलेले गाणे. पण कवीचे नाव काही केल्या आठवेना.

गीतकाराची ही उपेक्षा जुनीच आहे. १८४७ साली पॅरिसमध्ये एर्नेस्त बूर्जे नावाचा गीतकार स्नेह्यांसह एका उपाहारगृहात बसला होता. तेथे गाणी चालली होती ती या मंडळींचीच. बिल आले तेव्हा त्यांनी पैसे द्यायचे साफ नाकारले. आमची गाणी तुम्हाला फुकट, मग तुमचे पेय आम्हाला का फुकट नसावे? प्रकरण न्यायालयात गेले, बूर्जे जिंकला आणि १८५१ साली तेथे गीतकार-संगीतकारांसाठी मानधन वसूल करणारी संस्था उभी राहिली.

आपल्याकडे १९५७ साली कॉपीराइटचा कायदा झाला. कवितेचा पहिला धनी कवी, हे त्याने मान्य केले. चित्रपटाची वाट मात्र निराळी निघाली. निर्मात्याने मोबदला देऊन गीत लिहवून घेतले असेल आणि करारात वेगळे काही नसेल, तर धनी निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७७ मध्ये दिला. बिदागी एकदा हातावर पडली, की गीत परक्याचे! मग ते रेडिओवर वाजो की हॉटेलात. त्याच वर्षी डिसेंबरात ग. दि. माडगूळकर गेले. आमच्या पिढीच्या ओठांवर चित्रपटगीते ठेवणारा हा कवी. हा योगायोग मला अजून बोचतो.

ही गाठ सुटायला पस्तीस वर्षे लागली. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत कवींची बाजू लावून धरली आणि २०१२ साली कायदा सुधारला. आता चित्रपटगृहाबाहेर गीत वापरले गेले, तर मानधनात गीतकाराचा बरोबरीचा वाटा असतो. हा वाटा सोडल्याचे कोणी लिहून घेतले, तरी तो करार रद्दबातल. गीतावरील हक्क कवीच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. म्हणजे माडगूळकरांच्या गीतांवरचा २०३७ अखेरपर्यंत.

कायदा पैसे मिळवून देईल. नाव लक्षात ठेवणे मात्र आपल्याकडेच. मी चष्मा लावला, तबकडीचे जुने वेष्टन शोधून काढले. गायिकेच्या नावाखाली, बारीक अक्षरात, ते नाव होते. नातीला मोठ्याने वाचून दाखवले आणि मगच आम्ही फराळाला बसलो.