मोटारीच्या पोटांतील हवा

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५३ सालीं ठाण्यास आणि १८५४ सालीं कल्याणास पोहोंचला. कल्याणास त्याचे दोन फांटे होतात. एक कसाऱ्याच्या घाटाकडे जातो, दुसरा खंडाळ्याच्या. मोटारीच्या जुन्या रस्त्यांची हीच वाटणी ठाण्यास होत असे. आग्रा रोड भिवंडी व शहापूर मागें टाकून कसाऱ्यास जाई, आणि पुण्याचा रस्ता मुंब्रा व पनवेल यांवरून खोपोलीस. दोन्ही वाटांवर सह्याद्रि आडवा. सपाटीनें ठाण्यापर्यंत आलेल्या गाडीची खरी परीक्षा पुढें होती, आणि ती बहुधा पाण्याची असे.

एंजिनांत जळणाऱ्या पेट्रोलची सारी उष्णता चाकांच्या कामीं येत नाहीं. बराचसा भाग सिलिंडरच्या भिंतींत मुरतो व तो वाहून न नेल्यास पिस्टन जागच्या जागीं धरून बसतो. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडींत यावर उपाय सरळ होता: पाणी उकळूं द्यावें, वाफ होऊन उडालें कीं नवें भरावें. पुढें १९०१ सालीं विल्हेल्म मायबाख यानें मर्सिडीज गाडीसाठीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला आणि थोडेंच पाणी पुनःपुन्हां वापरतां येऊं लागलें. फोर्डच्या टी मॉडेलला तर, अगदीं आरंभींच्या गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, रेडिएटरांत निवून जड होई आणि खालून पुन्हां एंजिनांत शिरे. न्हाणीघरांतील बंबांत गार पाणी तळाशीं जातें व ऊन पाणी वरून बाहेर पडतें, त्यांतलाच हा प्रकार. अट एकच: वरच्या नळीचें तोंड पाण्याखालीं बुडालेलें पाहिजे. तेथें हवा शिरली कीं पाण्याची फेरी तुटली.

आणि घाटांत ती तुटत असे. चढावर एंजिनाला श्रम अधिक, गाडीचा वेग कमी, त्यामुळें रेडिएटरावर येणारा वाराही कमी. पाणी उकळे, वाफेवाटे निघून जाई व पातळी नळीखालीं उतरे. म्हणून घाट चढणारी मंडळी पाण्याचा डबा बरोबर ठेवीत. अधीरपणानें ऊन रेडिएटराचें झांकण उघडणाऱ्याचा हात व चेहरा पोळत असे. ही चूक आजही होते आणि आज ती अधिक घातक आहे.

अधिक घातक अशासाठीं, कीं मधल्या काळांत झांकणाला स्प्रिंग लागून आंतील पाणी दाबाखालीं ठेवण्यांत येऊं लागलें. बाहेरच्या हवेइतका दाब वर चढविला कीं पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. झांकण काढतांच तो दाब जातो आणि सारें एकदम वाफेनें उसळतें. पाण्यांत ग्लायकोल मिसळण्याची प्रथा थंड देशांत गोठण टाळण्यासाठीं पडली. ठाण्या-कल्याणास बर्फाचें भय नाहीं. येथें कूलंटाचा उपयोग गंज रोखण्यास व उकळबिंदु वाढविण्यास होतो.

हवेची अडचण मात्र नव्या घडणीनें वाढविली. कुर्ल्यास तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा रेडिएटर उभा, पुढें, आणि भरण्याचें तोंड वर. पाणी ओतावें, हवा आपोआप निघे. त्याच कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत कल्याण-डोंबिवलीच्या परिसरांत प्युजो ३०९ ही फ्रेंच गाडी बांधावयास घेतली. तें साहस थोड्याच वर्षांत संपलें, हें खेदाचें. पण त्या गाडीनें येथील कारागिरांस एक नवा धडा दिला. बॉनेट ठेंगणा, एंजिन आडवें, नळ्या वांकड्यातिकड्या. जेथें नळी उंच चढून पुन्हां उतरते तेथें हवा अडकून राही. म्हणून तिच्या नळ्यांवर हवा सोडण्याचे स्वतंत्र स्क्रू ठेवलेले असत. जुन्या हाताला ते क्षुल्लक वाटावेत, हें स्वाभाविक होतें.

या अडकलेल्या हवेचें कपट विलक्षण आहे. हवेला वा वाफेला पाण्यासारखी उष्णता नेतां येत नाहीं. सिलिंडर हेडचा तेवढा भाग कोरडा भाजतो, वांकतो, गॅस्केट जातें. आणि उष्णता मोजणारा भाग त्याच हवेंत सांपडला तर समोरचा कांटा थंडच दाखवितो! मालक निर्धास्तपणें गाडी दामटीत राहतो.

कूलंट बदलल्यावर हवा काढण्याची रीत मात्र साधी आहे. एंजिन गार असावें. शक्य असल्यास गाडीचें तोंड चढाकडे करावें, म्हणजे भरण्याचें तोंड उंचावर येतें. ज्या चढानें पूर्वी पाणी उकळविलें तोच येथें उपयोगी पडतो. हीटर असल्यास तो पूर्ण उष्णतेवर ठेवावा, नाहींतर कांहीं गाड्यांत त्याच्या नळ्यांतील हवा तशीच राहते. कूलंट सावकाश ओतावें. स्क्रू ढिला केल्यावर प्रथम फुसफुस होते, मग बुडबुडे, आणि शेवटीं अखंड धार; धार लागली कीं स्क्रू आवळावा. नंतर एंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे वरची नळी एकाएकीं ऊन लागेपर्यंत, थांबावें.

रात्रभर गाडी निवूं द्यावी. सकाळीं टांकींतील पातळी थोडी उतरलेली असली तर बहुधा राहिलेली हवा निघाली असें समजावें व तेवढें कूलंट घालावें. रोज उतरत असली तर मात्र गळती शोधावी लागेल.