ग्वालेरचा तानसेन-उत्सव आणि त्याचे श्रोते

ग्वालेर शहरांतील हजिरा या भागांत महंमद घौस यांचा मकबरा आहे. त्याच्या दगडी जाळ्या पाहण्यास लोक दुरून येतात. त्याच आवारांत, उघड्या चौथऱ्यावर खांबांच्या लहानशा मंडपाखालीं, तानसेनाची कबर आहे. दर वर्षीं डिसेंबरांत या कबरीच्या सान्निध्यांत कांहीं दिवस गाण्याबजावण्याच्या बैठकी होतात, आणि त्यांस कोणीहि विनामूल्य येऊन बसावें असा प्रघात आहे. हें फुकटपण केवळ सरकारी औदार्याचें फळ नसून उत्सवाच्या मूळ स्वरूपांतच आहे. तथापि त्यामुळेंच उत्सवाच्या इतिहासाचें एक महत्त्वाचें साधन आपोआप निर्माण होत नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम कालनिर्णय. तानसेनाच्या मृत्यूचें साल अनेक अर्वाचीन पुस्तकांत १५८६ असें दिलेलें असतें. परंतु अकबरनाम्यांत ही वार्ता राज्यारोहणाच्या ३४ व्या वर्षाच्या हकीगतींत, म्हणजे इ. स. १५८९ मध्यें, नमूद आहे. ग्रंथकार अबुल फजल हा समकालीन व दरबारांतला. तेव्हां अन्य सबळ पुरावा पुढें येईपर्यंत १५८९ हेंच साल ग्राह्य मानणें युक्त होय. त्याच नोंदींत, बादशहाच्या आज्ञेनें सर्व गवई-वाजंत्री प्रेताबरोबर लग्नाच्या मिरवणुकीप्रमाणें गात-वाजवीत गेले, असें सांगितलें आहे. आईन-इ-अकबरींत दरबारच्या ३६ कलावंतांची जी यादी आहे तींत पहिलें नांव तानसेनाचें असून पुढील कित्येक नांवांपुढें ‘ग्वालेरचा’ हीच ओळख लाविली आहे. राजा मानसिंह तोमराच्या वेळेपासून (१४८६–१५१६) ध्रुपदाचें माहेर बनलेल्या या शहराची ख्याति अकबराच्या दरबारींहि कायम होती, हें यावरून स्पष्ट होतें.

आजच्या उत्सवाचा आरंभ १९२४ चा. त्या वेळीं ग्वालेरच्या गादीवर माधवराव शिंदे होते. त्यांच्याच कारकीर्दींत १९१८ सालीं, पंडित भातखंडे यांच्या साहाय्यानें, माधव संगीत महाविद्यालय निघालें होतें. उत्सवाचें मूळ रूप मात्र दरबारी जलशाचें नसून उरुसाचें. उरुसास येणारा गवई हजेरी लावण्यास येतो व श्रोता दर्शनास येतो. दाराशीं मोल घेण्याची कल्पनाच तेथें संभवत नाहीं. आजहि उत्सवाचा प्रारंभ सनईनें, ढोलीबुवा मठाच्या परंपरेंतील हरिकथेनें व मिलादनें होतो. हरिकथेस तिकीट नसतें, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगणें नको.

महाराष्ट्राचा या शहराशीं आणखी एक संबंध आहे. हद्दूखां-हस्सूखां यांची ख्यालगायकी हस्सूखांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांजपासून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं घेतली व ती दक्षिणेंत आणली. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. तानसेन ध्रुपदिया आणि ही परंपरा ख्यालाची, तेव्हां दोहोंची सरमिसळ करूं नये. पण गांव एकच. मराठी श्रोता तेथें जातो तो गुरुगृहीं गेल्यासारखा जातो.

आम्ही एका वर्षीं सायंकाळच्या बैठकीस गेलों होतों. थंडी कडाक्याची होती. आमच्या एका बाजूस शालींत गुरफटलेले वृद्ध गृहस्थ मांडीवर बोटांनीं मात्रा मोजीत होते. दुसऱ्या बाजूस एक बाई झोंपलेलें मूल कुशींत घेऊन बसली होती. समेवर दोघांचीहि मान एकदमच हलली. वृद्ध गृहस्थ जाणते. बाईंनीं राग ओळखला कीं नाहीं, तें आम्हांस कळलें नाहीं व कळण्याचें कारणहि नव्हतें. एके काळीं जें गाणें दरबारांत मानकऱ्यांनींच ऐकावें, तें येथें कोणाचीहि योग्यता न पुसतां सर्वांच्या कानीं पडत होतें. आमच्या मतें या उत्सवाचें खरें वैभव हेंच.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. १९४८ मध्यें संस्थान मध्यभारतांत विलीन झालें व १९५६ मध्यें तो प्रदेश मध्यप्रदेशांत आला; उत्सव राज्यसरकारकडे गेला. १९८० पासून तानसेनाच्या नांवें सन्मान देण्याची प्रथा पडली. एक बैठक तानसेनाचें जन्मगांव मानल्या जाणाऱ्या बेहट येथें होते. २०२३ मध्यें युनेस्कोनें ग्वालेरची संगीतनगरी म्हणून गणना केली आणि २०२४ मध्यें शंभरावा उत्सव झाला.

येथें संशोधकानें थांबावें. १९२४ चा उत्सव पहिला धरून वर्षें मोजलीं, तर २०२४ चा उत्सव एकशेंएकावा भरतो. एका वर्षाचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण तो उलगडावयाचा तर वर्षवार कागदच पाहिजेत. सन्मानाच्या मानकऱ्यांचीं नांवें दप्तरीं राहतात. श्रोत्यांचें तसें नाहीं. जेथें तिकीट नाहीं तेथें तिकिटांचा हिशेबहि नाहीं; शंभर वर्षें जे हजारों लोक थंडींत बसून ऐकत आले, त्यांचा मागमूस कोणत्याहि खातेवहींत लागावयाचा नाहीं. तो लागला तर घरगुती पत्रांत, रोजनिशींत, कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनें टिपलेल्या रागाच्या नांवांत लागेल. जुन्या ग्वालेरकर मराठी घराण्यांच्या पेट्यांतून असे कागद निघण्याचा संभव आहे, आणि अशीं चिटोरींच रद्दींत प्रथम जातात. सनदा व फर्मानें जपणाऱ्या आमच्या संग्राहक बंधूंनीं या कागदांसहि आपल्या रुमालांत जागा द्यावी, एवढीच विनंति करून हें टांचण पुरें करतों.