संततिनियमनावरील सार्वजनिक खर्च : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संततिनियमन व लैंगिक आरोग्य यांवरील शासकीय खर्च ही गुंतवणूक मानावी, हा विचार आज सर्वपरिचित आहे. तथापि या गुंतवणुकीचा लाभ कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. त्या उत्तरावरच सेवेचे स्वरूप अवलंबून राहिले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

खासगी पदरमोड ते विधिमंडळ

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापकपद सोडावे लागले. जुलै १९२७ पासून १९५३ मधील निधनापर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालविले. गर्भप्रतिबंधाची साधने, गुप्तरोग आणि स्त्रीचे स्वातंत्र्य हे त्यांच्या दृष्टीने एकाच आरोग्यविचाराचे भाग होते.

हा भार शासनाने उचलावा, ही मागणी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा यासंबंधीचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. संततिनियमनाचा प्रचार करावा व त्याच्या सोयी पुरवाव्यात, असा त्याचा आशय होता. गरीब कुटुंबाचे दारिद्र्य आणि वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणारी स्त्री हे या युक्तिवादाचे दोन आधार होते. ठराव फेटाळला गेला.

नियोजनपर्वातील हिशेब

पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली. १९५८ साली कोल व हूवर या अभ्यासकांनी भारताचे उदाहरण घेऊन जननदर घटल्यास दरडोई उत्पन्न अधिक वाढेल, असे मांडले. १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तर लोकसंख्या नियंत्रणावरील पाच डॉलर हे आर्थिक विकासावरील शंभर डॉलरांच्या तोडीचे ठरविले. आता लाभाचे एकक 'टळलेला जन्म' हे झाले. स्त्रीचे आरोग्य मागे पडले.

या हिशेबाशी उद्दिष्टे, शिबिरे व रोख मोबदला सुसंगतच होता. जुलै १९७१ मधील एर्नाकुलमच्या शिबिरात ६३ हजारांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणीत, १९७६-७७ या वर्षात, देशभरात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पुढील वर्षी देशातील शस्त्रक्रिया दहा लाखांच्याही खाली आल्या.

निष्कर्ष

पुरुष नसबंदी ही स्त्री नसबंदीपेक्षा सोपी व कमी खर्चाची शस्त्रक्रिया आहे. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे केवळ ०.३ टक्के आढळले. यामागे पुरुषप्रधान मानसिकता निश्चितच आहे. परंतु सक्तीने गमावलेला विश्वासही आहे. केवळ आकड्यांवर बेतलेल्या अर्थकारणाने स्वतःचेच स्वस्त साधन गमावले आणि त्याची किंमत स्त्रियांच्या शरीराने चुकती केली. त्यामुळे या सेवांच्या अर्थसंकल्पाचा विचार करताना कर्वे व आंबेडकर यांनी मांडलेला आरोग्याचा आणि स्वेच्छेचा निकष जमेच्या बाजूस प्रथम लिहिणे हे आर्थिकदृष्ट्याही शहाणपणाचे ठरेल.