एक यंत्र, अनेक पडदे

एका संगणकाला अनेक टीव्ही जोडणे हे काम मिस्तरीचे आहे. तारा, खटके, कार्डे आणि दोन-चार डब्या, एवढ्याचाच हा मामला. त्याला इतिहास तो कसला, आणि असलाच तर वसंतातल्या संध्याकाळी सभागृहात बसून तो ऐकावा तरी कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो मी रास्तच समजतो. परंतु श्रोतेहो, गिरणीत वाफेचे इंजिन एक आणि त्याच्या पट्ट्यांवर फिरणारे माग शेकडो, ह्या एका मांडणीने गिरणीतल्या माणसाची पाळी, त्याचा भोंगा आणि त्याची जेवणाची सुट्टीसुद्धा ठरवून टाकली होती. गणकयंत्र एक असताना पडदे किती, ते कोणापुढे ठेवलेले, आणि त्यांवर काय दिसावे हे ठरविणार कोण, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. मी कामगार चळवळीतला माणूस; विद्युत्शास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जे वाचून आणि विचारून समजले ते सांगतो.

आरंभी एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. एकच चित्र दहा पडद्यांवर दाखविणे ही एक गोष्ट, आणि दहा पडद्यांवर दहा निरनिराळी चित्रे दाखविणे ही अगदी दुसरी. पहिलीत यंत्र एकदाच बोलते आणि आपण कर्णे वाढवीत जातो. दुसरीत यंत्राला दहा जणांशी एकाच वेळी दहा गोष्टी बोलाव्या लागतात. पहिलीला दुभाजक पुरतो. दुसरीला प्रत्येक पडद्यामागे चित्र धरून ठेवणारी स्वतंत्र स्मृती लागते. ही स्मृती महाग, म्हणूनच हा सगळा इतिहास घडला.

अनेक पडद्यांचे पहिले मोठे गणकयंत्र युद्धाच्या भीतीतून जन्मले. सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने उत्तर ध्रुवावरून येतील ह्या धास्तीने अमेरिकेच्या हवाई दलाने ‘सेज’ नावाची यंत्रणा उभारली. तिचे पहिले केंद्र १९५८ साली सुरू झाले. बिनखिडक्यांच्या काँक्रीटच्या प्रचंड इमारती, आत पन्नास हजारांच्या आसपास निर्वात नळ्यांचे एकेक यंत्र, आणि त्याला जोडलेले गोल पडद्यांचे अनेक मंच. मंचावरचा सैनिक हातातली प्रकाश-बंदूक पडद्यावरील ठिपक्यावर रोखी आणि यंत्राला विचारी, हे विमान कोणाचे? प्रत्येक मंचात सिगारेट पेटविण्याचे साधन आणि राखपात्र मुळातूनच बसविलेले होते. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास पडद्याकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला काहीतरी आधार लागतो, एवढे त्या अभियंत्यांना कळले होते. डोळ्यांचे काय होईल ह्याचा विचार मात्र त्या मानाने उशिरा सुरू झाला.

साधा घरगुती टीव्ही गणकयंत्राला जोडण्याचा मान विद्येच्या क्षेत्राला जातो, आणि ही गोष्ट मला फार आवडते. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर ह्यांनी १९६० साली ‘प्लेटो’ नावाची शिक्षणयंत्रणा सुरू केली. यंत्र विद्यापीठाचेच, ‘इलियाक’ नावाचे. विद्यार्थ्यापुढे एक टीव्ही आणि काही कळा. पडद्यावरचे चित्र दोन चित्रांच्या मिसळीने बने: छापील पाठाची पारदर्शिका एका बाजूने, आणि विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर दुसऱ्या बाजूने. पहिल्या वर्षी विद्यार्थी एक. १९६१ साली दोन. पुढे वीस जणांचा वर्ग एका यंत्रावर शिकू लागला. पण प्रत्येक टीव्हीमागे चित्र साठविण्याची वेगळी नळी ठेवायची, तर हजार विद्यार्थ्यांचा हिशेब कोण भागविणार? ह्या अडचणीतून बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन ह्यांनी १९६४ साली असा पडदा शोधून काढला की ज्याचा ठिपका एकदा पेटविला की स्वतःच पेटलेला राहतो, वेगळी स्मृती नको. हाच प्लाझ्मा पडदा. पुढे चाळीस वर्षांनी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात भिंतीवर जे मोठे प्लाझ्मा टीव्ही लटकले, त्यांचे मूळ गरीब विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकविण्याच्या खटपटीत आहे.

आता ह्या विषयातले माझ्या मते सर्वांत मौजेचे प्रकरण. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे डग्लस एंगलबार्ट ह्यांच्याजवळ एकच यंत्र होते आणि त्यावर एकाच वेळी काम करू पाहणारी माणसे डझनभर. त्या यंत्राची सगळी अंतर्गत स्मृती आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्राएवढीही नव्हती. प्रत्येकाच्या टेबलावर उच्च दर्जाचा पडदा ठेवणे परवडेना. तेव्हा त्यांनी काय करावे? यंत्राच्या खोलीतच पाच-पाच इंची लहान, पण स्पष्ट चित्राच्या नळ्या ओळीने बसविल्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एकेक टीव्ही कॅमेरा उभा केला. कॅमेऱ्याने नळीकडे पाहावे, आणि ते चित्र साध्या तारेवरून टेबलावरच्या टीव्हीत जावे! गणकयंत्राची भाषा टीव्हीला कळत नाही ना, मग मध्ये एक पाहणारा डोळाच बसवा. आज खिशात मावणारी चित्रजोडणीची डबी जे काम करते, तेच काम तेव्हा अख्खा कॅमेरा करी. शिवाय एक लाभ आपोआप झाला. टीव्हीचे चित्र उलटे करता येते. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांऐवजी पांढऱ्यावर काळी अक्षरे, म्हणजे छापील कागदासारखी, दिसू लागली.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत एंगलबार्टांनी हे सारे सुमारे हजार तज्ज्ञांपुढे दाखविले. यंत्र अठ्ठेचाळीस किलोमीटरांवर, पडदा सभागृहात, मधला दुवा सूक्ष्मलहरींचा. हातातला ‘माउस’ लोकांनी तेथेच प्रथम पाहिला. इतिहासात नाव एंगलबार्टांचे राहिले आणि ते योग्यच आहे; पण तो माउस प्रत्यक्ष बनविणारे आणि त्या दिवशी सभागृहातून सर्व कॅमेरे-तारांची सूत्रे हलविणारे बिल इंग्लिश ह्यांचे नाव किती जणांना ठाऊक असते? मला अशी नावे शोधण्याची खोड आहे.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या अवकाश-नियंत्रण कक्षातही १९६५ पासून हीच जात होती. यंत्राची चित्रे टीव्हीत रूपांतरित होत आणि मंचावरचा माणूस हवा तो मार्ग निवडून पाही.

आपल्याकडे मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. त्याच वर्षी, पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील स्वयंचलनविषयक समितीचा अहवालही आला. हा योगायोगच, पण आमच्या चळवळीच्या दृष्टीने बोलका. पडदा घरात यावा असे प्रत्येकाला वाटत होते. कचेरीत मात्र तो पाहताच कारकुनाच्या पोटात गोळा येई. आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी कोलकात्यात १९६०च्या दशकात यंत्राविरुद्ध दीर्घ लढा दिला. बँकांत १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन ह्यांच्यात संगणकांविषयी करार झाला. आमच्या आधीच्या त्या पिढीला आज यंत्रद्वेष्टी म्हणून हसण्याची रीत पडली आहे. मला ते पटत नाही. त्यांनी करारात यंत्र कुठे आणि कशासाठी, हे कागदावर आणले. आणि कागदावर आलेली गोष्ट पुढच्या पिढीला वाढविता येते.

येथून यंत्राचा भाव उतरू लागला आणि साऱ्या गणिताने कूस बदलली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याला पडद्यासाठी दोन कार्डे मिळत: एक एकरंगी, केवळ अक्षरांचे, दुसरे रंगीत, चित्रांचे. रंगीत कार्डाच्या पाठीवर टीव्हीच्या जातीची गोल खाचही होती, त्यामुळे छोट्या रूपांतरकाच्या मदतीने घरचा टीव्ही जोडता येई. खरी गंमत अशी की दोन्ही कार्डे एकाच यंत्रात एकदम बसत. कारण दोघांनी स्मृतीतले निरनिराळे पत्ते घेतलेले होते. एका चाळीत दोन भाडेकरू, खोल्यांचे क्रमांक वेगळे. पोस्टमनचा घोटाळा होण्याचे कारण नाही. ‘लोटस’च्या हिशेबपत्रकात आकडे एका पडद्यावर आणि त्यांचा आलेख दुसऱ्यावर, असे काम लोक करीत.

एकरंगी कार्डाची उणीव एका थाई विद्यार्थ्याला जाणवली. वॅन सुवान्नुकुल ह्यांना आपला प्रबंध थाई लिपीत हवा होता आणि यंत्र तर इंग्रजी अक्षरांपलीकडे काही जाणेना. त्यांनी १९८२ साली ‘हर्क्युलिस’ हे कार्ड काढले, आणि ते जगभर खपले. आपल्या देवनागरीची कहाणी त्याच वळणाची आहे. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे व सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले, आणि ‘जिस्ट’ कार्ड घातले की इंग्रजी यंत्र मराठी अक्षरे दाखवू लागले. चित्राचे कार्ड म्हणजे केवळ रंगाची चैन नव्हे, कित्येक भाषांना पडद्यावर प्रवेश त्यानेच दिला, हे महाराष्ट्रात सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

१९८७ साली आयबीएमने ‘व्हीजीए’ आणले आणि एक पेच पडला. हे नवे कार्ड चित्र उत्तम देई, पण तशीच दोन कार्डे एका यंत्रात घातली तर दोघेही त्याच खोल्यांवर हक्क सांगत. भांडण मिटेना. त्याच वर्षी अॅपलच्या मॅकिंटॉश-२ मध्ये मात्र कार्डांसाठी सहा खाचा होत्या, आणि दोन पडदे शेजारी ठेवले तर चित्र एकावरून सरकवत दुसऱ्यावर नेता येई. आयबीएमच्या जातीच्या यंत्रांना ही सोय सरसकट मिळायला पीसीआय खाचांची वाट पाहावी लागली. तेथे कार्ड आपला पत्ता हट्टाने धरून बसत नाही, यंत्र सुरू होताना देईल तो घेते. ह्या आधारावर १९९८ च्या विंडोजने नऊ पडद्यांपर्यंत परवानगी दिली. पुढच्याच वर्षी माँट्रिअलच्या मॅट्रॉक्सने एकाच कार्डातून दोन पडदे चालविले.

टीव्ही जोडण्याची अडचण वेगळी होती. आपल्या जुन्या टीव्हीच्या पडद्यावर सेकंदाला १५,६२५ रेघा ओढल्या जात; व्हीजीएच्या पडद्यावर ३१ हजारांहून अधिक. शिवाय टीव्ही एकाआड एक रेघा घेऊन अर्धे अर्धे चित्र दाखवी. म्हणून मध्ये बसणाऱ्या डबीला घाईने येणारे चित्र साठवून सावकाश सोडावे लागे. धरणाने पुराचे पाणी अडवून कालव्याला द्यावे तसे. तरीही बारीक आडव्या रेघा लुकलुकत आणि कडेची अक्षरे चौकटीबाहेर पळत. नव्वदच्या दशकात केबलच्या स्थानिक वाहिनीवर तळाशी सरकणाऱ्या जाहिरातींची थरथरणारी मराठी अक्षरे आपण पाहिलेली आहेत.

एकच चित्र चार टीव्हींना देताना नवखा माणूस तारेला तार जोडतो, आणि चारही चित्रे फिकी पडली की टीव्हीला दोष देतो. एका घागरीचे पाणी चार हंड्यांत ओतल्यावर भरलेला हंडा कोठून मिळणार? तेथे वर्धक लागतो. २००२ च्या अखेरीस एचडीएमआयची संहिता आली आणि हा फिकेपणा संपला. अंकांच्या भाषेत चित्र एक तर येते, नाही तर तुटते. मात्र त्याबरोबर पहारेकरीही आला. संरक्षित चित्रपट दाखविण्यापूर्वी यंत्र प्रत्येक पडद्याकडे ओळखपत्र मागते, आणि मधल्या एखाद्या स्वस्त डबीला ते देता आले नाही की पडदा काळा. तार आपली, टीव्ही आपला, आणि परवानगी दुसऱ्याची!

आता पाहा काय झाले ते. १९६१ साली दोन माणसे एका यंत्रावर बसत. आज नियंत्रण कक्षात एका माणसापुढे सहा पडदे असतात. यंत्र स्वस्त, पडदा त्याहून स्वस्त. महाग राहिला तो माणूस, म्हणून त्याच्याकडून सहा जणांचे पाहणे करून घ्यायचे. दोन माग चालविणाऱ्याला चार माग द्या, हा वाद गिरणीत होऊन गेलेला आहे. तोच येथे डोळ्यांपुरता पुन्हा उभा आहे.

ह्यावर संघटनेने काय करावे, त्याचा एक चांगला दाखला स्वीडनमध्ये आहे. तेथील पांढरपेशा कर्मचाऱ्यांच्या ‘टीसीओ’ ह्या महासंघाने १९८०च्या दशकात कचेरीतले पडदे तपासायला आरंभ केला. पडद्याच्या विद्युत्-चुंबकीय क्षेत्रांची तेव्हा मोठी धास्ती होती. ज्या अपायांची भीती होती ते पुढे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण महासंघ तेवढ्यावर थांबला नाही. चित्राची स्थिरता, विजेचा खर्च, बसण्याची सोय, सगळे त्याने मोजले. १९९२ साली त्याने पडद्यांसाठी स्वतःची मोहोर काढली आणि जगातल्या कारखानदारांना ती मिळविण्यासाठी धडपडावे लागले. आपल्या कचेऱ्यांतल्या जुन्या, पाठ फुगलेल्या मॉनिटरांवर ‘टीसीओ ९९’ असे लहानसे चिन्ह असे. ते एका कामगार संघटनेचे चिन्ह आहे हे त्यापुढे बसणाऱ्या किती जणांना माहीत होते?

युरोपीय समुदायाने १९९० साली पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी निर्देश काढला. त्यात डोळ्यांची तपासणी आहे, कामात अधूनमधून विश्रांती किंवा कामाचा पालट आहे. आणि परिशिष्टात एक कलम असे आहे की कामगाराच्या नकळत त्याच्या कामाची मोजदाद करणारी सोय यंत्रात असू नये. ज्या तारेने चित्र माणसाकडे येते, तिच्या शेजारून माणसाचा हिशेब उलट दिशेने जाऊ शकतो, हे त्या मसुदाकारांनी ओळखले होते. नियंत्रण कक्षांत काम करणाऱ्या आमच्या सभासदांचे जे मागणीपत्रक सध्या वाटाघाटीत आहे, त्यात हे तिन्ही मुद्दे घातले आहेत. नेत्रतपासणी मान्य झाली. विश्रांतीवर दर तासाला दहा मिनिटे की पाच, एवढाच वाद उरला आहे. तिसऱ्या मुद्द्यावर दुसऱ्या बाजूने अजून उत्तर दिलेले नाही.