औषधाआधीची चाचणी

दुभत्या गाईच्या कासेचे चार भाग असतात आणि ते एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात; एका भागातले दूध दुसऱ्यात उतरत नाही. म्हणून एक सड सुजून त्यातून गुठळ्या येत असतानाही शेजारच्या सडाला निर्मळ धार लागते. प्रत्येक भागातून बाहेर पडायला वाट एकच, सडाच्या टोकाची सेंटीमीटरभर लांबीची नळी. तिला आतून केराटिनचा थर असतो आणि भोवती आवळून धरणारा स्नायू. धार काढून झाल्यावर ही नळी पुरती मिटायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात गाय ओल्या शेणामुतात बसली, तर जंतूंना दार उघडेच मिळते. धार झाली की गाईपुढे लगेच वैरण टाकायची, म्हणजे ती खात उभी राहते. चांगल्या गोठ्यातली ही साधी सवय स्तनदाह टाळण्याचा भक्कम शास्त्रीय उपाय आहे.

या विषयात नव्याने येणारा पशुवैद्यक असो, सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी असो की स्वतः गाई पाळणारा असो, त्याने सुरुवात इथून करावी. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू हा आज या क्षेत्रातला सर्वांत जास्त बोलला जाणारा भाग आहे आणि त्याची काळजी वाटायलाच हवी. पण त्याकडे थेट औषधांच्या यादीतून गेले की वाट चुकते. स्तनदाहातला प्रतिरोधाचा प्रश्न मुळात निदानाचा प्रश्न आहे, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या गाईला प्रतिजैविक लागते आणि कोणत्या गाईला लागत नाही हे न पाहता औषध दिले जाते, तिथे प्रतिरोधी जंतूंची निवड होत राहते.

कासेला सूज, दुधात गुठळ्या, कधी अंगात ताप, असा उघड आजार कोणालाही दिसतो. गावाकडे त्याला दगडी किंवा काससुजी म्हणतात. मोठे नुकसान होते ते सुप्त स्तनदाहात. दूध दिसायला चांगले, गाय चरते-रवंथ करते, फक्त दूध थोडे कमी उतरते. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी मात्र दुधात वाढलेल्या असतात. एका मिलिलिटरमध्ये दोन लाखांच्या वर पेशी आढळल्या, तर कासेत संसर्ग असण्याची शक्यता धरून चालतात. या पेशी गोठ्यातच ओळखण्याची युक्ती शाल्म आणि नूरलँडर यांनी १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात दिली. दुधात डिटर्जंटसारखे द्रावण मिसळले की पेशी फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि मिश्रण चिकट, जेलीसारखे होते. पाकिस्तानात फैसलाबादच्या पशुवैद्यकांनी तर घरातल्या कपडे धुण्याच्या पावडरीचे तीन टक्के द्रावण वापरून तीच चाचणी लहान पशुपालकाच्या आवाक्यात आणली. मला हे काम फार मोलाचे वाटते. ज्याच्याकडे दोनच गाई आहेत, त्याच्या गोठ्यात प्रयोगशाळा पोचली ती अशी.

या आजारामागे जंतू आहेत हे फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी १८८७ मध्ये दाखवले. त्यांना सापडलेल्या स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिईवर पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलिन इतके प्रभावी ठरले की कळपच्या कळप त्यापासून मुक्त करता आले. त्या यशाने एक समज रुजला: कास सुजली की सडात औषध सोडायचे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दुसऱ्या जंतूने तो समज खोटा पाडला. त्याच्या अनेक जाती पेनिसिलिन फोडणारे विकर तयार करतात, पण अडचण तेवढीच नाही. हा जंतू कासेच्या पेशींच्या आत लपतो, स्वतःभोवती चिकट आवरण धरतो, आणि जुन्या संसर्गात तर शरीरच त्याच्याभोवती तंतुमय ऊतींची गाठ बांधते, तिथे औषध पोचत नाही. परीक्षानळीत औषधाला शरण जाणारा जंतू कासेत मात्र शाबूत राहतो, तो यामुळे. संवेदनशीलता चाचणीचा अहवाल हातात घेणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरने हे ध्यानात ठेवावे. उपचार फसला म्हणजे प्रतिरोध आला, असे दरवेळी नसते. गाय किती वेताची, किती सडांत संसर्ग आहे, तो किती महिन्यांचा आहे, यांवरही बरे होणे ठरते. अशा फसलेल्या उपचारानंतर आणखी तीव्र औषध देणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

ई. कोलायची गोष्ट याच्या उलट. तो शेणातून, ओल्या अंथरणातून येतो, ताप चढवतो, आणि सौम्य आजारात गाईचे शरीर त्याला बहुतेक वेळा स्वतःच बाहेर काढते. आपण नमुना घेतो तोवर दुधात जंतू उरलेलाही नसतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि ओंटारिओतील गोठ्यांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सौम्य स्तनदाहाच्या गाईंच्या दुधातले जंतू आधी गोठ्यावरच वाढवून पाहिले आणि ज्यांना खरेच गरज होती त्यांनाच सडातून औषध दिले. औषधाचा वापर जवळपास निम्म्यावर आला आणि गाई बऱ्या होण्यात लक्षणीय फरक पडला नाही. वाट पाहिली ती फक्त एका दिवसाची.

ब्रिटनमधल्या रेडिंगजवळच्या शिनफील्ड येथे फ्रँक डॉड, फ्रँक नीव आणि रॉजर किंगविल यांनी १९६० च्या दशकात नियंत्रणाची जी पद्धत बसवली, तिच्यावर आजचे दुग्धशास्त्र उभे आहे. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, दूध काढण्याचे यंत्र तपासून घेणे, उघड आजारावर वेळीच उपचार आणि त्याची नोंद, वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढणे, आणि गाय आटवताना चारही सडांत दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक सोडणे. संसर्गजन्य जंतूंचे प्राबल्य होते तेव्हा हे शेवटचे पाऊल योग्यच होते. मात्र कळप स्वच्छ झाले, तरी निरोगी गाईंनाही औषध देण्याची रीत चालू राहिली. नेदरलँड्सने ती मोडली. तिथल्या पशुवैद्यकांच्या नियमानुसार पहिलारू गाईच्या दुधात दीड लाखांहून आणि पुढच्या वेतांच्या गाईत पन्नास हजारांहून जास्त पेशी असतील, तरच आटवताना प्रतिजैविक देता येते. बाकीच्या गाईंच्या सडाला आतून बिस्मथचे सील बसवता येते. २८ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण युरोपीय संघात प्रतिजैविकांच्या सरसकट प्रतिबंधात्मक वापराला बंदी आहे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये साधे पेनिसिलिन आजही स्तनदाहावरचे पहिले औषध आहे, कारण त्यांनी ते जपून वापरले.

प्रतिरोधाच्या इतिहासात गाईचे दूध वारंवार भेटते. मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस प्राण्यांमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो बेल्जियममध्ये, १९७२ साली, स्तनदाह झालेल्या गाईंच्या दुधात. २०११ मध्ये केंब्रिजच्या मार्क होम्स यांच्या गटाने इंग्लंडमधल्या दुधाच्या टाकीतून घेतलेल्या जंतूत या प्रतिरोधाचे एक नवेच जनुक दाखवले. नेहमीच्या तपासण्यांना ते दिसतच नव्हते. पुढचा शोध त्याहून विलक्षण आहे. हे जनुक धारण करणारे जंतू हेजहॉग या काटेरी अंगाच्या छोट्या प्राण्याच्या कातडीवर एकोणिसाव्या शतकापासून नांदत असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. त्या प्राण्याच्या कातडीवरची एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य तयार करते आणि तिच्या सहवासात जंतू प्रतिकार शिकले. म्हणजे प्रतिरोध माणसाने निर्माण केला असे सरसकट म्हणता येत नाही. निसर्गात तो आधीच होता. औषधांच्या बेहिशेबी वापराने आपण त्याला गोठ्यात आणि दवाखान्यात मोठे केले. नवख्या वाचकाने या फरकावर थोडा वेळ थांबावे, कारण दोष कुठे आणि उपाय कुठे हे त्यावरून ठरते.

महाराष्ट्रात हा विषय घराघराशी जोडलेला आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरळीकांचनला बाएफ ही संस्था स्थापन केल्यानंतर संकरित गाय खेडोपाडी पोचली. दूध वाढले आणि त्या दुधाच्या भाराने कासेवरचा ताणही. दोन-चार गाईंच्या घरात सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालून आठवड्याचा बाजार आणि मुलांची फी निघते. सड सुजला की त्या घराला दोन दिवस थांबून अहवाल पाहण्याची सवड नसते. संध्याकाळीच इंजेक्शन होते, आणि पुष्कळदा ते सेफ्ट्रियाक्झोनचे असते, जे माणसांच्या गंभीर संसर्गासाठी राखून ठेवायला हवे. यात पशुपालकाला दोष देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅटखेरीजच्या घन पदार्थांवर) ठरतो. पेशी कमी असलेल्या दुधाला वेगळा भाव मिळत नाही, तर चाचणीसाठी त्याने खर्च का करावा?

औषधाचा अंश दुधातून जाऊ नये म्हणून ठरवलेले दिवस दूध बाजूला ठेवावे लागते. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचे अंश बहुतांशी तसेच राहतात. अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. हा आकडा घबराटीचा नाही. पण बाजूला काढलेले तेच दूध वासरांना पाजले जाते, आणि त्यांच्या आतड्यात प्रतिरोधी जंतूंची पैदास होते, याकडे फार थोड्यांचे लक्ष आहे.

कोरफड अडीचशे ग्रॅम, हळद पन्नास ग्रॅम आणि थोडा चुना वाटून कासेला दिवसातून अनेकदा लावायचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने मोठ्या प्रमाणावर पोचवला आहे. त्याकडे श्रद्धेने किंवा तुच्छतेने पाहू नये. सौम्य आजार पुष्कळदा आपोआप बरा होतो, त्यामुळे लेपाची खरी परीक्षा त्याच जंतूच्या, लेप न लावलेल्या गाईंशी तुलना करूनच होईल. हे काम शिरवळ, परळ किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली एखादी तुकडी आसपासच्या गावांतल्या गोठ्यांत करू शकते. त्यासाठी लागते पेशींचा अंदाज देणारी चाचणी, नमुन्याच्या निर्जंतुक बाटल्या आणि एक वही, जिच्यात गाय, सड, वेत, दिलेले औषध आणि एकवीस दिवसांनंतरचे दूध यांची नोंद कोणी न चुकता करील.