उपहासगीत आणि राज्यसत्ता

लोकशाहींत राज्यकर्त्यांचा उपहास कोठवर चालूं द्यावा, या प्रश्नाची एक परीक्षा इंग्लंडांत दूरचित्रवाणीवर झाली. ता. २४ नोव्हेंबर १९६२ रोजीं, शनिवारीं रात्रीं उशिरां, बी. बी. सी.नें ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ हा कार्यक्रम सुरू केला. नेड शेरिन निर्माते, डेव्हिड फ्रॉस्ट सूत्रधार. आरंभीं मिलिसेंट मार्टिन ही गायिका शीर्षकगीत गाई. रॉन ग्रेनर यांची चाल तीच. शब्द मात्र दर आठवड्यास नवे, ताज्या बातम्यांवर रचलेले. चाल परिचित, म्हणून लक्ष शब्दांकडे जाई. आणि अग्रलेखांत कडू लागणारा आरोप यमकाच्या गोडीनें सहज गळीं उतरे.

लोकांच्या परवाना-शुल्कावर चालणाऱ्या संस्थेनें सरकारची थट्टा करावी काय, असा गिल्ला झाला. महासंचालक ह्यू ग्रीन यांनीं मात्र पाठराखण केली. ते पूर्वीं बर्लिनला वार्ताहर होते. १९३९ मध्यें नाझींनीं त्यांना देशाबाहेर काढलें होतें. मुस्कटदाबी त्यांनीं जवळून पाहिली होती. खुद्द पंतप्रधान मॅक्मिलन यांनींही, उपेक्षेपेक्षां उपहास बरा, असें म्हणून आपल्या मंत्र्याला थोपविलें.

पण १९६४ हें निवडणुकीचें वर्ष! तें कारण देऊन संस्थेनें १९६३ च्या डिसेंबरअखेर कार्यक्रम बंद केला. पंतप्रधानांनीं जें सोसलें, तें मतदान जवळ येतांच संस्थेला सोसवेना. वास्तविक हसतां हसतां विचार करण्याची गरज नागरिकाला मतदानापूर्वींच अधिक असते.