विरोधाभास आणि विरोध

मराठी भाषणांत आणि लेखांत 'विरोधाभास' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या, अपेक्षेविरुद्ध काही घडले, कोणी बोलला एक आणि वागला दुसरे, की सर्वांना हेच एक नाव मिळते. वस्तुतः भाषेने यांतील प्रत्येकासाठी निराळा शब्द राखून ठेवला आहे. इतिहास वाचताना हा भेद का सांभाळावा, हे बडोदे संस्थानाच्या १८७५ ते १९१७ या बेचाळीस वर्षांतील चार उदाहरणांवरून पाहू.

प्रथम शब्दाविषयी. अकराव्या शतकातील मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त हा अलंकार 'विरोध' या नावाने येतो. सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त 'विरोधाभास' हे नाव आढळते. आशय एकच आहे. विरोध वरवर दिसला पाहिजे आणि अर्थ उलगडताच मावळला पाहिजे. या मावळण्यास 'परिहार' म्हणतात. ग्रीकांकडून आलेल्या 'पॅरॅडॉक्स' शब्दाचा मूळ अर्थ 'लोकसमजुतीच्या विरुद्ध असलेले' एवढाच आहे. त्यात परिहाराची हमी नाही. 'मी आता बोलतो आहे ते खोटे आहे' हे विधान खरे मानावे तर खोटे ठरते आणि खोटे मानावे तर खरे. ही गाठ तर्कज्ञांना दोन हजार वर्षांहून अधिक काळ छळत आली आहे. आपण मात्र दोन्हींसाठी एकच शब्द योजतो आणि त्यातील 'आभास' या पदाकडे लक्ष देत नाही.

आता उदाहरणे. कवळाण्याच्या शेतकरी घरातील गोपाळराव १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव झाले, तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळख नसल्यासारखीच होती. याच राजाने १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९०६ साली ती सक्ती सर्व संस्थानास लागू केली. निरक्षर बालपणाच्या राजाने साक्षरतेची सक्ती करावी, हा खरा विरोधाभास होय. अक्षराने माणसात काय पालट होतो, हे त्यांनी स्वतःच्याच आयुष्यात पाहिले होते, हे ध्यानी आले की विरोध उरत नाही.

दुसरे उदाहरण याच शिक्षणाचे. इंग्लंडात शाळेची सक्ती १८८० पासून होती. हिंदुस्थानात तिचा मर्यादित आरंभ व्हावा म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. बडोद्याचा दाखलाही दिला. १९१२ साली ते फेटाळले गेले. स्वदेशी आवश्यक ते येथे अनावश्यक, आणि मांडलिक संस्थानाला साधले ते सार्वभौम सत्तेला अशक्य! ही विसंगती होय. शासकीय सेवेत आम्ही हा शब्द दोन नोंदवह्यांचे आकडे जुळत नसत तेव्हा वापरीत असू. तेथे परिहार नसतो. एक नोंद चुकीची असते आणि ती दुरुस्त करावी लागते.

तिसरा प्रकार दैवाच्या उपरोधाचा. गैरकारभाराचा ठपका ठेवून मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी १८७५ साली पदच्युत केले आणि त्यांच्या जागी आलेल्या मुलाला इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली घडवले. पुढे डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहाला पाठ दाखविल्यावरून गहजब झाला तो याच सयाजीरावांविषयी. ज्या हेतूने कृती करावी त्याच्या उलट फळ काळाने हाती द्यावे, हा उपरोध. विरोधाभास विचाराने सुटतो. उपरोध घडून गेल्यावरच कळतो.

चौथे उदाहरण सांगण्यासाठीच हा प्रपंच. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत शिकावयास गेले आणि ठरल्याप्रमाणे १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघण्यास भाग पाडले. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे केलेला त्यांचा अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरतच होता, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. अखेर त्यांनी बडोदे सोडले.

या प्रसंगाला 'केवढा हा विरोधाभास' असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाही. येथे आभास कोणता? ज्या संस्थानाने विद्या दिली त्याच्या राजधानीत छप्पर मिळाले नाही, यातील दोन्ही बाजू तितक्याच खऱ्या आहेत, आणि कितीही खोल अर्थ लावला तरी विरोध मावळत नाही. हा विरोधच होता, आणि नेमके सांगावयाचे तर अन्याय होता. त्यास विरोधाभास म्हटले की बोलणाऱ्याच्या नकळत 'वरवर तसे दिसते इतकेच' असे सुचविले जाते, आणि अर्ज फिरवीत राहिलेले हात दिसेनासे होतात.

त्या काळच्या बडोद्याच्या कचेऱ्यांत मराठी मंडळींचा भरणा होता. आपल्यांतील कित्येक घराण्यांचे पूर्वज तेथे मानाने नोकरी करीत होते, आणि १९०६ च्या सक्तीच्या शिक्षणाचा अभिमान आपण आजही बाळगतो. तो रास्तच आहे. परंतु अभिमानाच्या गोष्टीला तिचे नाव आणि अन्यायाला त्याचे नाव देणे, एवढी शिस्त तरी इतिहास लिहिणाऱ्याने पाळावी, असे आम्हांस वाटते.